मुरलेलं तेल

हृदयाच्या डॉक्टरांकडे नंबरची वाट बघत बसलेल्या शिंप्याच्या कानावर मागच्या बाकावरचं बोलणं पडत होतं. एक हॉटेलवाला आणि त्याची मोठी बहीण. दोघांचे वडील, अण्णा, आत तपासणीला गेले होते.

"काय तर म्हणे, तळणीचं तेल पुन्हा वापरायचं नाही. कायदा करणाऱ्यांनी कधी कढई धरली आहे का, ताई?"

"मग काय करतोस?"

"काय करणार? रोज नवीन तेल. इन्स्पेक्टर कढईत डोकावून जातो."

"बरंच आहे की. लोकांच्या जिवाशी खेळ नको."

"अगं, मुरलेल्या तेलाची चवच निराळी."

"आणि ते मुरलेलं ओतून देतोस?"

"ओतायला मी काय खुळा आहे? गाळून डब्यात भरतो आणि घरी नेतो. बायको फोडणीला तेच घेते. घरी कुठला येतोय इन्स्पेक्टर?"

"अण्णांनाही तेच?"

"त्यांना आवडतं. म्हणतात, हल्ली सुनेच्या हाताला हॉटेलची चव आलीय."

ताई काही बोलणार, तेवढ्यात नर्स बाहेर आली.

"पेशंटचं बाहेरचं खाणं फार असतं का?"

"छे हो," हॉटेलवाला उठत म्हणाला. "माझ्या हॉटेलातलासुद्धा घास खात नाहीत. सगळं घरचं."