कठडा कोणत्या बाजूला?

पोहता न येणाऱ्या माणसाने घाटाचा नकाशा काढू नये, हे मला आता पटलंय. शेलूबाजारजवळच्या तलावाचा जुना घाट नव्याने बांधायचा होता आणि माझी पहिलीच नोकरी. साहेबांनी बजावलं होतं, "गावकऱ्यांच्या सह्या आण, नाहीतर काम दुसऱ्याला देतो."

पायरीवर पसरलेल्या नकाशात पाण्याच्या कडेने आखलेला लोखंडी कठडा दाखवत मी चाचरत म्हटलं, "यामुळे कोणी पडणार नाही."

शेवटच्या पायरीवर धुणं धुणाऱ्या शकीलाखाला म्हणाल्या, "आजपावतर कोन पडलं वं?"

तेवढ्यात मागे म्हैस फुरफुरली. मी अशी दचकले की थेट पाण्यात! पाणी कमरेएवढंच, पण मी बुडाल्यासारखी किंचाळले. खालांनी हात धरून वर ओढलं.

मी कुडकुडत म्हणाले, "बघा, कठडा असता तर पडले नसते!"

"कठडा असता तं आमी इथं धुवाले बसलोच नसतो. मंग तुले काढलं कोनं असतं?"

मी गुपचूप नकाशातली कठड्याची रेघ खोडली. "आता सही देता ना?"

"देतो. पन कठडा टाकाचाच असन," म्हशीकडे बोट दाखवत खाला म्हणाल्या, "तं तिकडून टाक."