कांडी रविवारीच का चुकते

“मोटारमां बठी की तोंड बंद ठेव, कान उघडा ठेव,” असं रूपाची आई फार पूर्वी सांगायची. आज धुळे-जळगाव गाडीत रूपाच्या मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बोलत होतं.

“ती खारेपणा मोजायची कांडी व्हिनेगरनं धुतली, दुकानदारानं तपासायला दिलेल्या मापाच्या पाण्यात बुडवली. तिथं बरोबर पस्तीस दाखवते. माशांच्या टाकीत मात्र रविवार आला की शून्य!”

“उन्हानं होत असेल.”

“ऊन काय रविवारीच पडतं? मासे मजेत, पाणी खारट, अन् ही म्हणते गोडं! तिकडं कॅनडात आपल्या दीपकच्या मोबाइलवर इंटरनेटवरून हाच आकडा दिसतो, तो घसरला की पोरगं घाबरून फोन करतं.”

“करतो ना. अर्धा-अर्धा तास बोलतो.”

“काल वैतागला. म्हणाला, नाना, माझी हौस पुरे झाली, टाकी देऊन टाका, मासेही देऊन टाका.”

“अन् तुम्ही हो म्हणालात?”

“मग काय करू? कांडी काही सुधरत नाही. थांब, जळगावच्या दुकानदाराला आत्ताच सांगतो, उद्या येऊन घेऊन जा म्हणावं.”

“नका लावू फोन.”

“का गं?”

“कांडी चांगली आहे.”

“मग आकडा कसा चुकतो?”

पारोळ्याचा थांबा आला, चार माणसं उतरली, गाडी पुन्हा निघाली.

“तुम्ही रविवारी बाजाराला गेलात की मी ती टाकीतून काढते अन् पिण्याच्या पाण्याच्या तांब्यात बुडवून ठेवते. आकडा बरोबर असला की त्याचा फोनच येत नाही हो.”