गुरुवारचं जेवण

तुम्ही मघापासून ओव्हरड्राफ्टच्या गोष्टी करून राह्यलात, तर माझा पहिला ओव्हरड्राफ्ट ऐका. आष्टीहून जालन्याला शिकायला आल्तो. परीक्षेची फी भरली न्हाई तर वर्ष बुडणार होतं. गेलो बँकेत.

मॅनेजर म्हणाले, "खात्यात आहेत त्याहून जास्त पैसे मागतोस. कमाई काय तुझी?"

"काहीच न्हाई, साहेब."

"मंग जेवतोस कुठं?"

"वार लावलेत. रोज एका घरी जेवतो."

"सातही वार पक्के?"

"बिलकुल पक्के. सोमवारी वकिलांकडं, मंगळवारी डॉक्टरांकडं, गुरुवारी तुमच्याकडं."

साहेब बँकेतून उशिरा घरी जायचे, त्यामुळं आमची गाठ कधी पडलीच नव्हती.

"म्हणजे जेवणाचा खर्चा न्हाई. घरून येईल त्यातून फेडशील," म्हणाले आणि सही केली.

फी भरली. गुरुवारी नेहमीसारखा त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. काकू पाटाऐवजी निरोप घेऊन बाहेर आल्या.

"अरे, हे म्हणाले, ज्याला बँक पैसे देते तो गरीब विद्यार्थी कसला? तुझा गुरुवार आता दुसरीकडं बघ."