दोर कोणाच्या हातात

तेलाची टाकी साफ करताना नवरा आतच बेशुद्ध पडला. त्याचे तेलकट बूट मांडीवर घेऊन ती दवाखान्याच्या बाकावर बसली होती. शेजारी एक म्हातारा आणि त्याची मुलगी येऊन टेकली. बोलण्यावरून ती मालकमंडळी आहेत हे तिला कळलं. त्यांना मात्र ती ठाऊक नव्हती.

“दोर कोणाच्या हातात होता?”

“बाबा, आता दोर नसतो. वायू मोजायचं यंत्र असतं. ते वाजलंच नाही.”

“तुझे आजोबा भंगाराची हातगाडी ढकलायचे. पहिली टाकी मिळाली, तेव्हा गडी आत उतरला आणि आजोबा त्याच्या कमरेला बांधलेला दोर धरून तोंडाशी बसले. पुढे तीस वर्षं मी बसलो. तिथं मालकानंच बसायचं, हे आपल्या घरात ठरलेलं.”

“तेव्हा आठ माणसं होती. आज तीनशे आहेत, वर जुनं तेल शुद्ध करायचा कारखाना. मी कुठे कुठे बसू?”

“मी सारखी हाक मारायचो, मी बाहेर आहे रे! आतून दोराला हिसका यायचा, मग जिवात जीव यायचा.”

मुलगी दाराकडे पाहू लागली.

“बायको आहे का त्याला?”

“असेल. ऑफिसात विचारते.”

दार उघडलं. “टाकीतला पेशंट शुद्धीवर आलाय,” नर्स म्हणाली. “एकालाच सोडीन.”

मुलगी उठली. बूट छातीशी धरून तीही उठली.

म्हाताऱ्यानं बूट पाहिले. मुलीचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

“जा, पोरी,” तो त्या बाईला म्हणाला. “मी बाहेर आहे.”