झालेल्या पोरी मोजणीत धरू नका

जमलेल्या समद्यांना हात जोडते. बचत गटाच्या बाया म्हणल्या, तू शालनताईची धाकटी जाऊ, चार शब्द तूच बोल. मला भाषण येत न्हाय. म्या पाचवीपोतर शिकलेली. मांडीवर ताईची पंधरा दिवसांची पोर हाय, म्हणून बसूनच बोलते. चुकलं तर पोटात घाला.

ताई कशानं गेली ते तुम्हाला ठावं हाय. चौथं बाळंतपण. रगत थांबलं न्हाय. दवाखान्याच्या आशाताईनं आधीच सांगितलं हुतं, हिच्या अंगात रगत न्हाय, आता नको. मग चौथ्यांदा कशापायी? एकाच बोलण्यापायी. तीन पोरी झाल्या, आता पोरगाच.

आप्पा, तुम्ही म्होरंच बसलाव. तुम्ही आमचे चुलत सासरे, भावकीत तुम्हीच काय ते शिकलेले. गेल्या साली ऊस तुटून गेल्यावर तुम्ही आमच्या ओट्यावर बसून लग्नपत्रिकेच्या पाठीमागं गणित मांडलं. पोरगी व्हायचं अर्धं. अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं, त्याचं बी अर्धं. लागोपाठ चार पोरी म्हंजी सोळात एक. उरलेले पंधरा हिस्से पोरगा. आत्याबाईंनी, आमच्या सासूनं, ती पत्रिका देव्हाऱ्यात ठिवली. हळदकुकू वाहिलं. गणिताला.

ताईची थोरली कोमल आठवीला. तिच्या बाईंनी वर्गात हेच शिकवलं हुतं. ती म्हणली, "आप्पा, सोळात एक हे एकबी लेकरू झालं नव्हतं तवाचं. आमी तिघी झालाव की. हितं उभ्या हाव. झालेल्या पोरींचं अर्धं अर्धं कसं धरता?" तिनं रुपया काढून दाखवला. "ह्याला मागं काय पडलं ते ध्यानात ऱ्हात न्हाय. छापा का काटा, दर खेपंला नवं. आता बी अर्धं-अर्धंच."

आत्याबाई म्हणल्या, "रुपयाच्या ध्यानात नसल, देवाच्या असतं."

आप्पा, तुम्ही हसलाव. म्हणलाव, "आता पोरगी शिकवायली आमाला." समदे हसले.

म्याबी हसले. माझी मलाच किळस येती.

ताई हसली न्हाय. चुलीपशी तिनं कोमलला बारीक आवाजात इचारलं, "खरंच अर्धंच का गं?"

"व्हय आये. अर्धंच."

तव्यावर भाकर करपाय लागली तरी ताई ती उलटीना. तिला समजलं हुतं. पण समजून करती काय? तिला कुणी इचारलं?

बाळंतपणाच्या आधीच पेढं सांगून ठिवलं. पोरगा झाला तर पेढं, पोरगी झाली तर बर्फी, आपली रीत. बर्फी कुणी सांगितलीच न्हाय. ताई गेली तवा ते खोकं घरात हुतं. तिसऱ्या दिशी कुणीतरी म्हणलं, नासून जातील. आन खाल्ले. सुतकात. नाव घेत न्हाय, खाणारे हितंच बसलेत. म्या मोरीवर जाऊन वकले.

आन म्होरचं ऐका. तेराव्याच्या पत्रावळ्या उचलायच्या हुत्या, तवा आत्याबाई मला म्हणल्या, "आता तुझ्यावर हाय. शालनच्या चार, तुझ्या दोन, घरात सहा पोरी झाल्या. सातवा पोरगाच." आप्पा, तुम्ही हात पुसत पुसत जोड दिली, "सात पोरी म्हंजी एकशे अठ्ठावीसात एक. काळजीच न्हाय."

मेलेल्या बाईच्या पोरी माझ्या पोटाच्या मोजणीत धरल्या. कोमलनं सांगितलं हुतं, मागचं म्होरं येत न्हाय. मग ताईच्या कुशीतलं माझ्या कुशीत कसं येतंय? माणसं हाव का कोण हाव आपण? थुकावं वाटतंय, पण कुठं थुकू, समदी घरचीच तोंडं.

मला लई भ्या वाटतंय. ताईचे पाय गार पडले तवा माझ्या हातात हुते. ते गार अजून हाताला लागतंय. माझी धाकटी अंगावर पिती, आता ही बी पिती. म्या गेले तर ह्या सहा जणींना कोण?

म्हणून सांगते. सोमवारी माझं ऑपरेशन हाय. लेकरू बंद करायचं. आशाताईपशी नाव दिलंय. घरात सांगितलं असतं तर कोंडलं असतं, म्हणून चारचौघात सांगायले. एकट्या आमच्या ह्यांना तेवढं म्हणलं, तर हे आधी न्हाय म्हणले, मग गप बसले. गप बसले त्यालाच म्या व्हय धरलं.

ज्याला मला अडवायचंय त्यानं आत्ता उभं ऱ्हावं. ताईच्या फोटूम्होरं. गावाला दिसू द्या कोण ते.

आप्पा?

आत्याबाई, तुम्ही?

बरं.

मग आता समदेच उभे ऱ्हावा. शालनताईसाठी, दोन मिनिटं. तोंडातनं शब्द काढू नका. पंधरा वरसं ती आपल्यात गप ऱ्हायली. आपल्याला दोन मिनिटं जमतंय का बघू.