मास्तरांच्या घरची फाइल

...नाही हो, पाथ तुम्ही बरोबरच दिलाय. लायब्ररीची फाइलही तिथेच आहे, मला दिसतेय ना – आणि तरी हे म्हणतंय, लायब्ररी सापडत नाही. ओढा ती खुर्ची, बसा. मीही अशीच चक्रावले होते. नवा सर्व्हर आणला, प्रोग्रॅम चढवला, आणि एकाही दवाखान्यात एक्स-रे उघडेना. फोनवर फोन. आपला प्रोग्रॅम जावातला, पण चित्र उलगडायचं जड काम करते ती ही फाइल – थेट मशीनच्या भाषेतली, मास्तरांनी बांधलेली. मास्तर म्हणजे तुमच्या आधी या टेबलावर बसायचे ते. काहीही विचारा, उठून फळ्यापाशी जायचे, म्हणून मास्तर. ते नुकतेच गेले होते – जिन्यातच कोसळले – मग विचारायचं कुणाला? मीच खोदत बसले. परवानग्या पाहिल्या, बत्तीस-चौसष्ट बिटांचा घोळ पाहिला, काही नाही. शेवटी ही फाइल स्वतः कुणावर टेकून आहे ते काढलं, तर आत दुसऱ्याच एका लायब्ररी फाइलचं नाव निघालं, आणि ती नव्या सर्व्हरवर नव्हतीच. म्हणजे मशीन बोंबलतंय हिच्या नावानं आणि हरवलीय भलतीच. तुमचंही तेच झालंय. ती दुसरी हिच्या शेजारी ठेवा, तो फोल्डर शोधयादीत घाला, चालेल.

मला ती दुसरी कुठे मिळाली? घरी. त्यांच्या. जुना सर्व्हर पुसून भंगारात गेला होता, आणि ती बांधली होती त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर. वहिनींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "हळू बोला, आत काम चाललंय." आत जाऊन बघते तर मशीन चालू, पंख्याची घरघर, कीबोर्डवर चष्मा. "बंद केलं की घर फार शांत होतं हो," म्हणाल्या. फाइल लगेच सापडली, एक्स-रे उघडले, सगळे खूश. निघताना वहिनी म्हणाल्या, "भाऊ म्हणतो, उगाच वीज जाते. करू का बंद?" आणि मी – काय झालं मला कोण जाणे – मी म्हटलं, "नको वहिनी, ऑफिसचं काम अजून यावरच चालतं."

थापच की. नाहीतर काय. तेव्हापासून दर शनिवारी जाते, तपासायला म्हणून. त्यांच्या खुर्चीत बसते, काहीतरी टाइप केल्यासारखं करते. वहिनी चहा आणून ठेवतात, दोन कप – दुसरा कुणाचा, मी विचारत नाही. कधी कधी वाटतं, मागे उभं राहून कुणी वाचतंय – तर मी स्क्रीन जरा तिरपी करते, त्यांना नीट दिसावी म्हणून. हसू नका. वहिनींसाठी करते मी हे सगळं. म्हणजे – वहिनींसाठीच. त्यांना आधार वाटतो.

थांबा हं, त्यांचाच फोन. हां वहिनी, बोला ना... कधी?... मागच्या आठवड्यात? पण मी शनिवारी – हो, नाही आले मी, ताप होता... हो... हो, ऐकतेय.

...काही नाही. मशीन बंद करून आठ दिवस झाले म्हणाल्या. काम अडलं म्हणून ऑफिसातून कुणाचा तरी फोन येईल, याची वाट बघत होत्या, आलाच नाही. म्हणाल्या, "तुम्हाला यायचं असेल तर असंच येत जा."

तुम्ही जा आता जागेवर. सांगितलं ना, शेजारी ठेवा, चालेल. जा.