शेवटी उठणारीचे भांडे

माह्या सासूबाई चर्चच्या सिस्टरांच्या अनाथाश्रमात वाढल्या, हे तर तुमाले माईतच हाय. परवा त्यांच्या तिथल्या दोन मैत्रिणी एवढ्या वर्षांनी पुलगावले आमच्या घरी आल्या. जेवाच्या आधी प्रार्थना अशी भरभर म्हटली का देवालेही कळली नसन. मंग तिघी तुटूनच पडल्या ताटावर! मी घाबरली, "आई, हळू! ठसका लागन!"

सासूबाई म्हणे, "चूप! शेवटी उठन तिले सगळ्याइचे भांडे घासा लागते. सिस्टरचा नियम हाय."

माही पोरगी एकेका घासाले रडवते मले. पण या बुढ्यांकडे पाहून तिनं वाटीभर खिचडी गपागप संपवली! मले आनंदानं रडूच आलं.

सासूबाई बोट चाटत म्हणे, "रडून काऊन राह्यली? तुह्यं ताट भरलंच हाय. जेव आरामात, भांडे तुह्येच."